दहा पौंडांचे तिकीट आणि सुखाचा हिशेब

परक्या देशात स्थायिक होणाऱ्या माणसाला भाषा, आहार आणि रीतिरिवाज या तीन गोष्टी प्रामुख्याने जड जातात, असे आपण मानतो. या तिन्ही अडचणी ज्याच्या वाट्याला येत नाहीत तो स्थलांतरित सुखी असलाच पाहिजे, असा निष्कर्ष त्यातून सहजच निघतो. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांचे उदाहरण या निष्कर्षाची कसोटी पाहणारे आहे. दोन्ही देशांची भाषा इंग्रजी, दोन्हीकडे राजा एकच, न्यायपद्धती आणि संसदीय परंपरा एकाच मुळातून आलेल्या. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, दुपारी चहा लागतो आणि उन्हाळ्यात क्रिकेट रंगते. इतके साम्य असलेल्या देशात जाणे म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याइतके सोपे वाटावे. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे गेलेल्या ब्रिटिशांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक मायदेशी परतले. आणि परतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले! या येण्याजाण्यातच स्थलांतरितांच्या सुखदुःखाचे सगळे कोडे सामावलेले आहे.

ब्रिटनबाहेर राहणाऱ्या ब्रिटिशांची सर्वांत मोठी वस्ती आजही ऑस्ट्रेलियातच आहे. २०२१ च्या जनगणनेत केवळ इंग्लंडमध्ये जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सव्वानऊ लाखांहून अधिक भरली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे जन्मलेले त्यात मिळवले तर आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. त्याच जनगणनेत भारतात जन्मलेल्यांनी पावणेसात लाखांच्या जवळ पोहोचून दुसरे स्थान मिळवले. म्हणजे ज्या वाटेने ब्रिटिश पाऊणशे वर्षे चालत आले, त्या वाटेवर आता भारतीय कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने निघाली आहेत. म्हणून आधी गेलेल्यांचा अनुभव काय, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

दहा पौंडांची योजना

१९४२ च्या फेब्रुवारीत जपानी विमानांनी डार्विन बंदरावर बाँबवर्षाव केला. अफाट भूमी आणि जेमतेम सत्तर-पंचाहत्तर लाख वस्ती असलेल्या ऑस्ट्रेलियाला आपल्या दुबळेपणाची जाणीव तेव्हा प्रकर्षाने झाली. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, तेथे स्थलांतर खाते स्थापन झाले आणि आर्थर कॉलवेल हे त्या खात्याचे पहिले मंत्री झाले. लोकसंख्या वाढवली नाही तर देश टिकणार नाही, अशी त्या काळची सरकारी भूमिका होती. कारखाने, धरणे आणि घरबांधणी यांसाठीही माणसे हवी होती. परंतु ती गोरी हवी होती, आणि शक्यतो ब्रिटिश. आशियाई लोकांना दूर ठेवणारे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण तेव्हा लागू होते. ते टप्प्याटप्प्याने शिथिल होत अखेर १९७३ मध्ये पूर्णपणे संपुष्टात आले. भारतीयांना तो दरवाजा कितीतरी उशिरा उघडला, त्याचे कारण हे आहे.

ब्रिटिशांसाठी मात्र दरवाजा सताड उघडा होता. प्रौढ व्यक्तीने केवळ दहा पौंड भरायचे. मुलांना काहीच पडत नसे. प्रत्यक्ष भाडे याच्या कितीतरी पट असे आणि उरलेला खर्च दोन्ही सरकारे सोसत. अट एकच होती: किमान दोन वर्षे तेथे राहायचे. त्याआधी परत यायचे झाल्यास सरकारने सोसलेला प्रवासखर्च फेडायचा आणि परतीचे भाडेही पदरचे भरायचे. योजनेखालील पहिले जहाज १९४७ मध्ये निघाले. १९४५ ते १९७२ या काळात दहा लाखांहून अधिक ब्रिटिश ऑस्ट्रेलियात गेले. १९६९ या एकाच वर्षी हा आकडा ऐंशी हजारांवर पोहोचला. १९७३ मध्ये शुल्क पंचाहत्तर पौंड झाले आणि १९८२ मध्ये योजना बंद पडली. या लोकांना ‘टेन पाउंड पोम’ असे नाव पडले. ‘पोम’ हा इंग्रज माणसासाठी ऑस्ट्रेलियन लोकांनी योजलेला, थोडा थट्टेचा आणि थोडा तिरकस शब्द होय.

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये राहण्यासारखे फारसे उरले नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. शहरे बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेली, घरांची टंचाई, ओल आणि थंडी. अन्नधान्याचे रेशनिंग युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे, म्हणजे १९५४ पर्यंत चालू होते. अशा वेळी ऑस्ट्रेलियाच्या कचेरीतील भित्तिपत्रकांवर निळे आकाश, समुद्रकिनारा आणि स्वतःचे बैठे घर दिसे. दहा पौंडांत हे सारे मिळणार असेल तर कोण नाही म्हणेल? सुएझमार्गे जाणारी ही जहाजे एडन, कोलंबो अशी बंदरे घेत जात आणि काही मुंबईलाही लागत. चार ते सहा आठवड्यांचा तो प्रवास कित्येकांच्या आयुष्यातील पहिलीच मोठी सुट्टी ठरली.

पत्र्याच्या बराकी आणि कुरकुरीचा शिक्का

उतरल्यावर मात्र चित्र पालटे. ज्यांना नातेवाइकांचा किंवा मालकाचा आधार नसे त्यांची रवानगी सरकारी वसतिगृहांत होई. यांतील अनेक वसतिगृहे म्हणजे लष्कराने सोडलेल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी होत्या. उन्हाळ्यात पत्रा तापे, भिंती पातळ असल्याने शेजारचा शब्द न् शब्द ऐकू येई, जेवण सामुदायिक भोजनगृहात आणि शौचालये बाहेर. काही आठवड्यांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तेथे महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षेही राहिली. ब्रिटनमध्ये मिळवलेली कारागिरीची प्रमाणपत्रे पुष्कळदा येथे मान्य होत नसत. स्वयंपाकघरात न संपणाऱ्या माश्या, अंगणात विषारी कोळी आणि डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात नाताळ, हे सारे अंगवळणी पडायला वेळ लागे.

कोणी तक्रार केलीच तर स्थानिक लोक त्याला कुरकुऱ्या इंग्रज म्हणून हिणवत. युरोपातील इतर देशांतून आलेल्या निर्वासितांना निदान परके म्हणून काही सहानुभूती तरी मिळे. ब्रिटिश माणूस ‘आपल्यातलाच’ असल्याने त्याला कसली अडचण असणार, असा समज होता. जेम्स हॅमर्टन आणि ॲलिस्टर थॉमसन या इतिहासकारांनी या पिढीच्या आठवणी गोळा करून २००५ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकात त्यांनी या लोकांना ‘अदृश्य स्थलांतरित’ म्हटले आहे. दिसायला वेगळा नसलेला माणूस आतून किती परका असू शकतो, हे त्या दोन शब्दांत आले आहे.

या पिढीचे यश आणि अपयश एकाच गावात पाहायचे असेल तर ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या एलिझाबेथकडे पाहावे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गृहनिर्माण संस्थेने १९५५ मध्ये वसवलेले आणि राणीचे नाव दिलेले हे उपनगर ब्रिटिश कामगार कुटुंबांनी भरून गेले. होल्डन मोटारींच्या कारखान्यात काम, भाड्याचे पण स्वतंत्र घर, मुलांना शाळा आणि मोकळे मैदान. कित्येकांना हवे ते सर्व तेथे मिळाले. त्याच गावात ग्लासगोहून आलेल्या कुटुंबात प्रसिद्ध गायक जिमी बार्न्स वाढले. घरातील दारू, मारहाण आणि दारिद्र्य यांचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मचरित्रात केले आहे. घरातील कलह सामानासकट जहाजातून सोबत येतात, सूर्यप्रकाशाने ते विरघळत नाहीत, हे त्या पुस्तकातून समजते. पुढे २० ऑक्टोबर २०१७ रोजी होल्डनचा तो कारखानाही कायमचा बंद झाला.

याच्या अगदी उलट उदाहरण ज्युलिया गिलार्ड यांचे आहे. वेल्समधील बॅरी येथे १९६१ मध्ये जन्मलेल्या या मुलीला लहानपणी छातीचा विकार होता. उबदार हवामानाचा सल्ला मिळाल्याने कुटुंब १९६६ मध्ये ॲडलेडला आले आणि ती मुलगी २०१० मध्ये देशाची पंतप्रधान झाली. दहा पौंडांच्या तिकिटाचे इतके मोठे फळ क्वचितच कोणाला मिळाले असेल.

परत गेलेले, आणि पुन्हा आलेले

जे एक चतुर्थांश लोक ब्रिटनला परतले त्यांची कारणे तपासली तर एक गोष्ट ध्यानात येते. पगार कमी, घर लहान, नोकरी नाही अशी आर्थिक कारणे होतीच. पण अधिक वजन घरच्या ओढीला होते. वृद्ध आईचे आजारपण, पाठच्या बहिणीचे लग्न, नातवंडांनी आजी-आजोबांना पाहिलेलेच नाही ही बोच. त्या काळी समुद्रापलीकडचा दूरध्वनी अतिशय महाग होता. पत्राला यायला-जायला वेळ लागे. पुरुषाला कारखान्यात निदान चार सहकारी भेटत. नव्या उपनगरात, वाहनाविना, लहान मुलांना घेऊन दिवसभर एकटी राहणारी गृहिणी अधिक कोमेजून जाई. निर्णय नवऱ्याने घेतला आणि पत्नी मागोमाग गेली, अशा घरांत ही खंत जास्त दिसे.

परतल्यावर काय झाले? ज्या गल्लीची आठवण काढून डोळे भरून येत त्या गल्लीतील घरे पाडलेली होती, मित्र पांगलेले होते, पाऊस मात्र तसाच पडत होता. नातलगांच्या भेटीचा आनंद काही महिन्यांत ओसरे. मुले ऑस्ट्रेलियन उच्चारात बोलत आणि समुद्रकिनाऱ्याची आठवण काढत. तेव्हा कुटुंब पुन्हा सामान बांधी. आता मात्र दहा पौंडांची सवलत सहसा मिळत नसे. अशा लोकांना ‘बूमरँग पोम’ म्हणत. गंमत अशी की, या दुसऱ्या खेपेनंतर पुष्कळजण शांतपणे स्थिरावले. आठवणीतला देश आता नकाशावर उरलेला नाही, हे डोळ्यांनी पाहून आल्यावर मनातील तुलना थांबली.

या इतिहासाचा एक काळा भागही आहे. अनाथालयांतील आणि गरीब घरांतील हजारो ब्रिटिश मुलांना पालकांशिवाय ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. त्यांतील अनेकांचे आईवडील हयात असूनही ते मेले असे मुलांना सांगितले गेले. कित्येक मुलांना शेतावरील कष्ट, मार आणि अत्याचार सोसावे लागले. १९८०च्या दशकात नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांनी हे प्रकरण उजेडात आणले. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी १६ नोव्हेंबर २००९ रोजी आणि ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २४ फेब्रुवारी २०१० रोजी या मुलांची, जी तोवर वृद्ध झाली होती, जाहीर क्षमा मागितली. स्वतःच्या इच्छेने केलेला प्रवास आणि दुसऱ्याने लादलेला प्रवास यांतील अंतर या मुलांइतके कोणालाच कळले नसेल.

आज जाणाऱ्यांना काय मिळते

आजचा ब्रिटिश स्थलांतरित दहा पौंडांत जात नाही. तो परिचारिका, डॉक्टर, शिक्षक, पोलीस, अभियंता, सुतार किंवा वीजतंत्री असतो आणि कौशल्याच्या आधारे व्हिसा मिळवतो. २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तर आपला मंत्री लंडनला पाठवून अशा लोकांच्या भरतीची मोहीमच राबवली. दोन्ही देशांतील मुक्त व्यापार करार ३१ मे २०२३ रोजी अमलात आला. त्यानंतर ‘काम आणि भटकंती’ या व्हिसासाठी ब्रिटिश तरुणांची वयोमर्यादा ३५ वर्षांपर्यंत वाढली. पर्थच्या उत्तरेकडील जूंडालप आणि दक्षिणेकडील रॉकिंगहॅम या भागांत इतके इंग्रज राहतात की नवख्याला आपण देश सोडला आहे की नाही, असा प्रश्न पडावा.

जमेची बाजू भक्कम आहे. स्वच्छ ऊन, मुलांना मैदान आणि समुद्र, कामाचा बरा मोबदला. १९८४ पासून ‘मेडिकेअर’ ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आहे. ‘सुपरॲन्युएशन’ ही निवृत्तिनिधीची पद्धत १९९२ मध्ये सक्तीची झाली. मालकाने पगाराच्या ठरावीक प्रमाणात रक्कम कामगाराच्या नावे गुंतवायची असते आणि १ जुलै २०२५ पासून हे प्रमाण बारा टक्के झाले आहे. ही रक्कम कामगाराच्या स्वतःच्या खात्यात साठते, हे तिचे वैशिष्ट्य. दीर्घ सेवेनंतर मिळणारी भरपगारी रजा ही तेथील आणखी एक सोय. तिचा उगम एकोणिसाव्या शतकातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत आहे. नोकरशहांना जहाजाने इंग्लंडला जाऊन येता यावे म्हणून ती सुरू झाली. मायदेशाची ओढ अशी कायद्यातच नोंदवली गेली आहे! शिवाय ऑस्ट्रेलियात वारसाकर नाही, तर ब्रिटनमध्ये विशिष्ट मर्यादेवरील संपत्तीवर तो चाळीस टक्के आहे.

नावेची बाजूही हलकी नाही. सिडनीत साध्या घराची मध्यम किंमतही दहा लाख डॉलरच्या बरीच वर गेली आहे. मोठ्या घराचे स्वप्न घेऊन येणाऱ्याला शहरापासून तासभर लांब राहावे लागते. गोऱ्या कातडीला तेथील ऊन मानवत नाही. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. म्हणूनच १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला, अशी मोहीम शाळाशाळांतून चालवली गेली. ज्या उन्हासाठी देश सोडला त्याच उन्हापासून मुलांना झाकावे लागते.

सर्वांत अवघड आहे ते अंतर. मार्च २०१८ पासून पर्थ ते लंडन थेट विमान आहे, तरी साडेचौदा हजार किलोमीटरचा तो प्रवास सुमारे सतरा तासांचा आहे. सिडनीचे घड्याळ लंडनच्या नऊ ते अकरा तास पुढे असते. येथे सकाळ तेव्हा तेथे आदली रात्र. वडिलांना रुग्णालयात नेल्याचा निरोप मध्यरात्री येतो, आणि लगेच निघाले तरी पोहोचेपर्यंत दीड दिवस जातो. वृद्ध आईवडिलांना कायमचे आणावे म्हटले तर साध्या पालक व्हिसासाठी तीस-तीस वर्षांची प्रतीक्षा आहे. मोठी रक्कम भरून मिळणाऱ्या व्हिसाचा खर्च माणशी सुमारे अठ्ठेचाळीस हजार डॉलरच्या घरात जातो आणि त्यालाही वर्षानुवर्षे थांबावे लागते.

आणखी एक गोष्ट निघताना कोणी विचारात घेत नाही. नवऱ्या-बायकोचे पटेनासे झाले तर काय? मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराला दोन्ही देश बांधलेले आहेत. मुले ऑस्ट्रेलियात रुळली असतील तर दुसऱ्या पालकाच्या किंवा न्यायालयाच्या संमतीवाचून एकाला ती घेऊन ब्रिटनला परतता येत नाही. माहेरचे कोणी जवळ नसताना, मुलांसाठी त्याच देशात अडकून राहिलेल्या स्त्रिया अशा घरांत आढळतात.

गोठलेले निवृत्तिवेतन

भावनेचा हिशेब आकड्यांत मांडता येत नाही. परंतु ज्येष्ठ ब्रिटिशांच्या असमाधानाचे एक कारण पूर्णपणे आकड्यांत मांडता येते. ते म्हणजे ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन. ब्रिटनमध्ये नोकरी करताना माणूस आयुष्यभर ‘राष्ट्रीय विमा’ नावाचा हप्ता भरतो आणि निवृत्तीनंतर त्याला साप्ताहिक वेतन मिळते. ते दरवर्षी महागाईनुसार वाढते. हाच माणूस स्पेन, फ्रान्स किंवा अमेरिकेत राहायला गेला तरी वाढ मिळत राहते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका किंवा भारत येथे गेला तर मात्र पहिल्या दिवशीचा आकडा मरेपर्यंत तोच राहतो.

उदाहरण घेऊ. २००० साली ब्रिटनचे पूर्ण मूळ निवृत्तिवेतन आठवड्याला ६७.५० पौंड होते. त्या वर्षी निवृत्त होऊन एक भाऊ लीड्समध्ये राहिला आणि दुसरा मुलीजवळ ब्रिस्बेनला गेला, असे समजा. दोघांनी हप्ते सारखेच भरले. २०२४-२५ मध्ये लीड्सच्या भावाला आठवड्याला १६९.५० पौंड मिळत होते. ब्रिस्बेनच्या भावाला ६७.५० पौंडच. आठवड्याला १०२ पौंडांचा, म्हणजे वर्षाला पाच हजार तीनशे पौंडांहून अधिक फरक! त्यात विनिमयदराची भर. २००० च्या सुमारास एका पौंडाला अडीच डॉलरहून अधिक मिळत. २०१२-१३ मध्ये दर दीड डॉलरपर्यंत खाली आला. म्हणजे न वाढणारे ते वेतनसुद्धा डॉलरमध्ये पाऊणशे डॉलरनी घटले. हा भाऊ ब्रिटनला भेटीस गेला तर तेवढ्या मुक्कामापुरते त्याला वाढीव दराने वेतन मिळते; ब्रिस्बेनला परतला की पुन्हा जुना आकडा.

जगभरात असे गोठलेले वेतन घेणारे साडेचार लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांतील जवळजवळ निम्मे एकट्या ऑस्ट्रेलियात आहेत. याचा निषेध म्हणून ऑस्ट्रेलियाने ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करार २००१ मध्ये संपुष्टात आणला. ब्रिटिश सरकार देत नाही ती उणीव, पात्र व्यक्तींच्या बाबतीत, ऑस्ट्रेलियन करदाता भरून काढतो, ही त्या सरकारची तक्रार होती. मात्र करार संपल्याचा फटका नव्याने येणाऱ्या ब्रिटिशांनाच बसला. ऑस्ट्रेलियाचे वृद्धवेतन मिळवण्यास सामान्यतः दहा वर्षांचे वास्तव्य लागते; करार असताना ब्रिटनमधील वर्षे त्यात धरली जात, आता ती धरली जात नाहीत.

प्रकरण न्यायालयातही गेले. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांचा दावा ब्रिटनच्या उमराव सभेने २००५ मध्ये आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१० मध्ये फेटाळला. राष्ट्रीय विम्याचा हप्ता ही व्यक्तिगत ठेव नसून सर्वसाधारण सामाजिक व्यवस्थेतील वर्गणी आहे. आणि ती व्यवस्था प्रामुख्याने देशातील रहिवाशांच्या गरजांसाठी आहे, असा त्या निकालांचा सारांश. व्यवहार जाणणाऱ्या वाचकाला यातील मर्म लगेच समजेल. बँकेतील ठेव हे बँकेचे देणे असते. ठेवीदार मुंबईत राहतो की मेलबर्नमध्ये, याने ते बदलत नाही. सरकारी वेतन कायद्याने ठरते आणि कायदा जे देतो त्यावर अटीही घालतो. ‘मी पैसे भरले, ते माझे आहेत’ अशा विश्वासाने निघालेल्या हजारो सज्जन माणसांना हा भेद उतारवयात समजला. आपल्याकडेही याचा थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये हयात घालवून निवृत्तीनंतर पुण्याला किंवा मुंबईला परतणाऱ्या भारतीयांचे वेतनही असेच गोठते.

आपला कोण, परका कोण

‘आपण तर घरचेच’ या समजुतीला कायद्यानेही वेळोवेळी धक्के दिले. ऑस्ट्रेलियाचे स्वतंत्र नागरिकत्वच मुळी २६ जानेवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले. त्यानंतरही कित्येक ब्रिटिशांनी ते घेतले नाही. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना मतदान करता येई. २६ जानेवारी १९८४ पासून नव्याने येणाऱ्यांची ही सवलत बंद झाली. आधी यादीत असलेल्यांचा मताधिकार मात्र आजही टिकून आहे. २०१७ मध्ये याचा दुसरा अंक घडला. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना संसदेत बसता येत नाही या घटनेतील कलमामुळे अनेक सदस्यांची पदे गेली आणि त्यांतील काहींचे दुसरे नागरिकत्व ब्रिटिश होते. त्यात सिनेटर माल्कम रॉबर्ट्सही होते. त्यांचा जन्म बंगालमधील आणि वडील वेल्सचे. त्या नात्याने आलेले ब्रिटिश नागरिकत्व त्यांना भोवले. ज्या राजाच्या नावाने शपथ घ्यायची, त्याच राजाच्या दुसऱ्या देशाचे नागरिकत्व अपात्रतेचे कारण ठरावे, हा विरोधाभास ब्रिटिशांना विशेष बोचला.

मग ते सुखी आहेत का?

पाऊणशे वर्षांचा हा अनुभव पाहता, तीन चतुर्थांश लोक राहिले आणि परतलेल्यांपैकी निम्मे पुन्हा आले, म्हणजे बहुतेकांनी आपला कौल दिला आहे. मात्र राहिलेला प्रत्येकजण सुखीच असतो असे नाही. कोणी नाइलाजाने राहतो, कोणी नातवंडांसाठी. तरीही सुखी कोण झाले याचे काही ठोकताळे दिसतात. लहान वयात किंवा तरुणपणी गेलेले अधिक सहज रुळले. जेथे नवरा-बायको दोघांनीही मनापासून ठरवले होते, ती घरे टिकली. एका गोष्टीपासून पळण्यासाठी निघालेल्यांपेक्षा, विशिष्ट काम किंवा शिक्षण यांसाठी गेलेल्यांचा जम लवकर बसला. आपल्याच लोकांच्या कोंडाळ्यात न राहता स्थानिक क्रीडामंडळ, शाळा, शेजार यांत मिसळलेल्यांची तक्रार कमी राहिली. आणि ज्यांनी उतारवयाची आर्थिक तजवीज, दोन्ही देशांचे नियम वाचून, तरुणपणीच केली त्यांच्यावर निवृत्तीनंतर मुलांपुढे हात पसरण्याची वेळ आली नाही.

भारतीय घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या परदेशगमनाची चर्चा होते तेव्हा पगार, शुल्क आणि व्हिसा यांचा हिशेब कागदावर मांडला जातो. ब्रिटिशांच्या अनुभवावरून त्या कागदावर आणखी काही ओळी लिहिल्या पाहिजेत. सून किंवा जावई खरोखर राजी आहे का? आईवडील सत्तरीचे होतील तेव्हा त्यांच्याजवळ कोण असेल? ते तेथे जाऊ शकतील का आणि गेल्यास त्यांना काय मिळेल? निवृत्तीची रक्कम स्वतःच्या खात्यात साठते आहे की सरकारच्या मर्जीवर आहे? परतण्याची वेळ आली तर मुलांचे काय? भाषा, धर्म, राजा, खेळ सारे एक असूनही ब्रिटिशांना हे प्रश्न चुकले नाहीत. मग ज्यांच्या बाबतीत यांतील बरेच काही वेगळे आहे त्यांना ते चुकतील असे समजणे व्यवहाराला धरून नाही.

याचा अर्थ जाऊ नये, असा मुळीच नाही. वेल्सच्या छोट्या गावातून निघालेल्या आजारी मुलीला त्या देशाने पंतप्रधानपद दिले आणि लाखो साध्या कुटुंबांना ऊन, घर आणि काम दिले. त्या बदल्यात प्रत्येक कुटुंबाने काही ना काही मागे सोडले, आणि त्याची किंमत पुष्कळदा निघणाऱ्यापेक्षा मागे राहिलेल्या वृद्धांनी मोजली. ज्या घरांनी ही किंमत निघण्यापूर्वीच एकत्र बसून, मोकळेपणाने मान्य केली, त्या घरांना पुढे दहा हजार मैलांचे अंतरही तोडू शकले नाही.